टाकीभर रॉकेल

विमानातून स्टोव्ह नेता येतो, त्यात घालायचं तेल नेता येत नाही. एवढी साधी गोष्ट विमान कंपनीच्या फोनवरच्या मुलीने मला पुन्हा पुन्हा ऐकवली, कारण मीही तिला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. स्टोव्ह रिकामा हवा, कोरडा हवा आणि त्याला वास येता कामा नये. वास आला तर तो विमानतळावरच राहील. फोन ठेवून मी सासऱ्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "जन्मभर रॉकेल प्यायलाय तो. वास न यायला काय गुलाबाचं रोप आहे?"

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगते. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे बंगळूरला राहायला आले. आमच्या घरात दुपारचा चहा तेच करायचे आणि तो खरोखर चांगला व्हायचा. मग त्यांची विसरभोळेपणाची लक्षणं दिसायला लागली. एका दुपारी त्यांनी आधण ठेवलं, गॅस सोडला, पेटवायचा राहिला आणि ते बाल्कनीत जाऊन बसले. मी घरात होते म्हणून निभावलं. काही दिवसांनी पुन्हा तेच झालं. तेव्हा मी आणि नवऱ्याने गॅसच्या नळीला कुलूप लागणारी तोटी बसवून घेतली. चावी माझ्या कपाटात असते. त्यात आमचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. खाली-वर माणसं राहतात, लहान मुलं राहतात.

सासरे एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त चहा सोडला. मी केलेला कप समोर ठेवला तर म्हणायचे, "नको, सोडलाय." रुसवा असता तर मला कळला असता, मी भांडून काढला असता. हा रुसवा नव्हता. चहाबरोबर त्यांचं पेपर वाचणं गेलं, संध्याकाळचं खाली उतरणं गेलं, जेवण निम्म्यावर आलं. भिंतीला लावून ठेवलेल्या छत्रीसारखे ते दिवसभर खुर्चीत असायचे. मला भीती वाटायला लागली. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू बंद होतोय आणि आपण नुसतं ताट वाढतोय, असं वाटायचं.

मग एक दिवस तेच बोलले. "मला एकदा माझ्या स्टोव्हवर चहा करायचाय. उघड्यावर. जिथे काही पेटलंच तर फक्त माझं धोतर पेटेल."

ते धोतर नेसत नाहीत, पण मुद्दा कळला. जागाही त्यांनी ठरवली होती. तरुणपणी ते सरकारी नोकरीत जमिनीच्या मोजणीवर होते, आणि वेल्ह्याच्या पलीकडे पासलीच्या माळावर तंबू ठोकून महिनेच्या महिने राहिले होते. हाच पितळी पंपाचा स्टोव्ह तेव्हा त्यांच्याबरोबर होता. पासलीत आता एक शेतकरी कुटुंब ट्रेकवाल्यांना तंबू भाड्याने देतं, हे मला मोबाईलवर सापडलं. नवऱ्याला सुट्टी नव्हती. म्हटलं, मी जाते. हे नाकापेक्षा मोती जड होतंय हे दिसत होतं. एका कप चहासाठी विमानाची दोन तिकिटं. पण तो कप त्यांच्या पोटात जायला हवा होता.

वास घालवायचा विडा मीच उचलला. टाकी साबणाने धुतली, चिंचेने घासली, बेसन लावून ठेवलं, बाल्कनीत ऊन दाखवलं. तरी नाक जवळ नेलं की रॉकेल आपली ओळख देतच होतं. शेवटी देवघरातल्या कापराच्या वड्या काढल्या, फडक्यात बांधल्या आणि स्टोव्हच्या शेजारी बॅगेत ठेवल्या. आमच्याकडे कपाटात काही कुबट झालं की हाच उपाय. विमानतळावर अर्थातच आम्हाला बाजूला बोलावलं. तिथल्या अधिकाऱ्याने स्टोव्ह उलटा-सुलटा केला, हुंगला आणि खाली ठेवला. मग फडकं सोडलं. कापूर भडकतो, विमानात चालत नाही, म्हणाला. मी म्हटलं, अहो, देवाचा आहे. तो म्हणाला, देवालाही पेटवूनच दाखवता ना? चोर सोडून संन्याशाला सुळी, पण कायद्याने संन्यासीच दोषी होता. कापूर तिथे राहिला आणि स्टोव्ह पुण्याला आला.

आता तेल. मला वाटलं होतं, पुण्यातून बाहेर पडलं की कुठल्याही गावात रॉकेल मिळेल. टॅक्सीवाला कामथडीचा होता. तो म्हणाला, "ताई, रॉकेल म्या लहानपनी बघितल्यालं. पंपावरनं पेट्रोल घेऊ का? बाटलीत देत न्हाईत, पर माझ्या गाडीतनं काढू."

मागच्या सीटवरून सासरे म्हणाले, "या स्टोव्हमध्ये पेट्रोल घातलं तर आपण विमानाशिवायच वर जाऊ."

ड्रायव्हर हसला आणि त्याने विषय मनावर घेतला. नसरापूरला रेशन दुकानदाराने आम्ही गंमत करतोय असं समजून हात जोडले. हार्डवेअरवाल्याने थिनर पुढे केलं, सासऱ्यांनी ते वास घेऊन परत दिलं. किराणावाल्याकडे छोटी गॅसची शेगडी होती, टाकीसकट, आणि ती घ्या म्हणून तो मागेच लागला. सासऱ्यांनी मान फिरवली. गॅसला आवाज नसतो, म्हणाले. तो चालू आहे की नाही, माणसाला कळत नाही. स्टोव्ह चालू असला की सगळ्या घराला कळतं. हे त्यांनी घरी एकदाही सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हरने भोरला नेलं. बाजारात त्याच्या ओळखीचे एक मुस्लिम आजोबा होते, जन्मभर स्टोव्ह दुरुस्त केलेले. आता त्यांच्या दुकानात कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरची भांडी टांगलेली होती. ड्रायव्हर त्यांना चाचा म्हणत होता. चाचांनी स्टोव्ह मांडीवर घेतला, दट्ट्या ओढला आणि म्हणाले, "धुतलाय का हो कुणी?"

"मी," मी म्हटलं.

"वायसर वाळून कडक झालाय. साबनानं चामडं राहतंय व्हय?"

त्यांनी दट्ट्याचा चामड्याचा वायसर काढून गोड्या तेलात बुडवला, मळला, परत बसवला. बर्नरची पिन दिली. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, ह्या पिनांना आता गिऱ्हाईक नाही. रॉकेल मात्र त्यांच्याकडेही नव्हतं. निघताना म्हणाले, "तिकडं डोंगरात कुणाकडं असंल. लई पाऊस पडतो तिथं, ठिवत्यात. पर मागितलं की देतीलच असं न्हाई."

का ठेवतात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि दिवस कलायला लागला होता म्हणून मीही विचारलं नाही. परत नसरापूर, मग वेल्हे, मग पासली. तंबूवाल्यांच्या घरी सून होती, तिने आल्याआल्या गॅसवर चहा टाकला. सासरे म्हणाले, "सोडलाय." ती बिचारी खट्टू झाली. तो कप मी प्यायले. त्या दिवशी सासरे जेवून लवकर झोपले.

सकाळी भाताच्या खाचरांवर दहिवर होतं. कापणी चालू होती, घरातली आणि भावकीतली माणसं विळे घेऊन कधीच उतरली होती. तंबूपुढे सासरे रिकामा स्टोव्ह घेऊन बसले होते. पंप मारायचे, हवा सोडायचे, परत पंप मारायचे. घरमालकाची म्हातारी आई खळ्याकडे चालली होती, ती थांबली. वयाने सासऱ्यांच्या आसपासची, पण पाठीने ताठ.

"काय वो, भुकेलाय वाटतं त्यो?" तिने स्टोव्हकडे बघत विचारलं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरळ सांगितलं, की आजी, आम्हाला रॉकेल हवंय. थोडं. यांना चहा करायचाय. घरचा चहा यांनी सोडलाय, स्वतःच्या हाताने करून प्यायचाय, त्याच्यासाठी बंगळूरहून आलोय. ती माझ्याकडे बघत राहिली. मग सासऱ्यांकडे बघितलं.

"हाय," ती म्हणाली. "पर ते चा कराया न्हाई. मयताचं हाय."

आणि तिथेच दगडावर बसून तिने सांगितलं. तिचे मालक गेले ते आखाडात. पाऊस थांबायला तयार नाही, लाकडं ओली, रस्त्यावर ओढ्याचं पाणी. सरण पेटेना. "समद्यांनी आपापल्या घरातनं गोवऱ्या आनल्या, साखर आनली, तूप आनलं. धूर नुस्ता. पोरं रडाया लागली. मानूस गेल्याचं न्हाई, ते जळंना म्हनून." शेवटी कुणीतरी जुने टायर आणले. ते तिला आवडलं नाही. त्यानंतर तिने वाडीतल्या प्रत्येक घराकडून रॉकेल जमवलं आणि एक कॅन भरून गोठ्याच्या माळ्यावर ठेवला. पावसाळ्यात कुणीही गेलं तरी त्यातून द्यायचं. रेशनचं बंद झाल्यापासून भरायला मिळत नाही. कुणाचा मुलगा कारखान्यातून थोडं आणतो, कुणी कुठून आणतं. ते सरत आलंय.

मी लगेच म्हटलं, "नको मग, आजी. आम्हाला काही अडलेलं नाही." अडलेलं होतं, पण असं तेल कोण मागणार?

सासऱ्यांनी पंपाचा दट्ट्या खाली दाबला. ते म्हणाले, "आमच्याकडं बटण दाबतात."

"बटान?"

"विजेवर. दार उघडतं, माणूस आत जातं, दार लागतं. मग बटण. माझ्या बायकोचं बटण त्यांच्या माणसानंच दाबलं. मला हात लावायला काही नव्हतंच."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "माझ्या घराचा वाटा हाय त्याच्यात. त्यातनं देते."

"आणि तुम्हाला लागलं तर?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायचा नसतो हे मला विचारून झाल्यावर कळलं.

"म्या आपली उन्हाळ्यात मरते," ती म्हणाली. "लाकडं बी वाळल्याली असत्यात, पावन्यांला बी बरं पडतं."

सासरे हसले. नुसते ओठ हलवून नाही, खोकला येईपर्यंत हसले. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं होतं, ते मला आठवेना.

मग तिने अट सांगितली. त्या कॅनमधून काढलेलं तेल परत आत ओतायचं नाही. परत ओतलं की कॅन माणूस मागतो, वाडीत कुणीतरी जातं. घरी न्यायचं नाही, दुसऱ्या कशाला वापरायचं नाही, ठेवायचंही नाही. आणि द्यायचं तर भांडं भरून द्यायचं, अर्धवट देणं त्याहून वाईट. तिने नरसाळं लावून स्टोव्हची टाकी काठोकाठ भरली. मी म्हटलं, "एका कपाला एवढं कशाला, आजी? उरलेलं काय करू?"

"उरवायचं न्हाई. हितंच सपवायचं. बोलवा समद्यांना."

म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ज्यांच्यासाठी आम्ही घरच्या गॅसला कुलूप लावलं होतं, ती टाकी संपेपर्यंत चहा करायचा होता. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र जुना हिशेबी भाव आला, की पातेलं केवढं हवं, दूध किती, पत्ती किती. खळ्याच्या कडेला वारा लागणार नाही अशी जागा त्यांनीच निवडली. बर्नरखालच्या वाटीत थोडं तेल घेऊन पेटवलं, बर्नर तापू दिला, ज्योत बसायच्या बेताला पंप मारला. स्टोव्ह एकदा फुरफुरला आणि मग त्याचा तो एकसुरी मोठा आवाज सुरू झाला. खाचरातल्या बायकांनी कमरा सरळ करून वर बघितलं.

कापणारी माणसं दोघं-तिघं करून येत राहिली. सुनेने पातेलं, गाळणं आणि सगळ्या घरातले कप-पेले आणून दिले. पहिलं आधण उत्तम झालं. दुसऱ्यात साखर नव्हती. एका बाईने पेला तोंडाला लावला आणि म्हणाली, "आजोबा, डाक्टरनं सांगितलंय व्हय आमाला?" सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. तिसऱ्यात मागचीही साखर घातली. चौथ्यात घातलीय की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातली. "ह्यो पाक हाय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी तो पाक प्यायला. त्यांना प्रत्येकाला हातात कप द्यायचा होता. खाली ठेवलेला उचलून घ्या, असं नाही.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून होते. मला चहा नको होता. मी फक्त त्यांचे हात बघत होते. पंप, पातेलं, गाळणं, पंप. हात चुकत नव्हते. माझा जीव जरा भांड्यात पडला आणि मी खाचराकडे बघायला लागले.

तेवढ्यात आवाज बदलला. मी वळले तर सासरे टाकीचं झाकण पिळत होते. स्टोव्ह पेटलेला, टाकी तापलेली, आणि तेल किती राहिलं ते बघायला ते झाकण उघडत होते. फटीतून हवा सुसकारत होती, तिच्याबरोबर तेलाचे थेंब बाहेर येत होते, ज्योतीपासून वीतभर लांब. मी त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने झाकण परत आवळलं. ते माझ्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने मला पेट्रोलवरून विनोद करून दाखवला होता, त्याला आपण आत्ता काय करत होतो ते कळत नव्हतं. मग कळलं. ते कळताना मी बघितलं, आणि ते न बघितलं असतं तर बरं झालं असतं.

म्हातारीने हे पाहिलं होतं. तिने बाकीच्यांना हाक मारून खाचराकडे पिटाळलं. "बास झालं चा पिनं. भात कोन कापनार?"

सासऱ्यांनी परत पंप मारला. आता तेल तळाला गेलं होतं. शेवटचं आधण त्यांनी एका कपाचं ठेवलं. तो त्यांचा. इतक्या सगळ्यांना दिला, स्वतः घेतला नव्हता. पत्ती टाकली आणि पाणी उकळायच्या आतच ज्योत पिवळी झाली, खाली बसली आणि गेली. आवाज थांबला. त्यांनी हवा सोडली, पिन फिरवून बघितली, टाकी हलवून बघितली. थेंब नव्हता.

"चुलीवर उकळून आनू का?" म्हातारीने विचारलं.

"नको," ते म्हणाले. पातेल्यातलं तसंच गाळलं, दूध घातलं आणि प्यायले. रंग धड चढलेला नव्हता. मला वास येत होता, कच्च्या पत्तीचा. त्यांनी कप तळापर्यंत संपवला. म्हातारी गोठ्याकडे गेली. आम्ही दोघंच राहिलो.

फडक्याने स्टोव्ह पुसता पुसता त्यांनी विचारलं, "घरी गेल्यावर मला परत काही पेटवू देणार नाही ना तुम्ही?"

इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं. खोटं बोलणं सोपं होतं. औषध बदलू, डॉक्टरांना विचारू, जरा बरं वाटू दे.

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. पुसत राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याचा रागही आला होता.

"बरं केलंस, नीट सांगितलंस," ते म्हणाले. "सगळे नुसतं बघू, बघू म्हणतात. मला वाटायचं, आज देतील, उद्या देतील."

मग स्टोव्ह बाजूला ठेवून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"तू चहात साखर फार घालतेस," ते म्हणाले. "घरी गेलो की तेवढी कमी कर."